चावडी कोणाची, दप्तर कोणाचे?



काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील सात-आठ विद्यार्थ्यांनी आकाशदर्शनाच्या एका सॉफ्टवेअरचे मराठी भाषांतर करायला घेतले. एकमेकांशी बोलण्यासाठी त्यांनी इंटरनेटवरील एका चॅट-सेवेवर एक कक्ष उघडला. तेथे शब्दांवर वाद होत. ताऱ्याच्या ‘अल्टिट्यूड’ला मराठीत काय म्हणावे? एकजण म्हणाला, ‘उंची’. दुसरीने हरकत घेतली. उंची मोजतात मीटरमध्ये. येथे तर क्षितिजापासूनचा कोन मोजायचा आहे, तेव्हा ‘उन्नतांश’ हाच शब्द हवा. दोन दिवस चर्चा होऊन ‘उन्नतांश’ ठरला.

पुढच्या वर्षी ही तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. सर्वांनी त्या कक्षात महाविद्यालयाच्या ईमेल-पत्त्याने प्रवेश घेतला होता. नियमाप्रमाणे ते पत्ते बंद झाले आणि त्यांच्यासोबत कक्षाचे दारही बंद झाले. नव्या तुकडीला जुनी चर्चा दिसेना, म्हणून तिने नव्याने वाद घातला आणि सोपा म्हणून ‘उंची’ हा शब्द घेतला. परिणामी अर्ध्या फायलींत ‘उन्नतांश’ आणि अर्ध्या फायलींत ‘उंची’ असा प्रकार झाला. तो निस्तरण्यात एक उन्हाळी सुट्टी गेली.

चूक आमचीच होती. कक्ष उघडताना तेथे चित्रे पाठवता येतात का, फोनवर चालते का, एवढेच आम्ही पाहिले. दाराची किल्ली कोणाकडे राहणार आणि बोललेले कोठे साठणार, हे विचारलेच नाही. जगातील मोठमोठ्या गटांनाही या प्रश्नांनी कसे गाठले, आणि चॅटची जागा निवडताना काय पाहावे, हे आज आपण समजून घेऊ.

बोलण्याची गरज का पडते?

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि वाटता येते, त्याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स, फायरफॉक्स ही त्याची परिचित उदाहरणे. असे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक एका कचेरीत बसत नाहीत. कोणी पुण्यात, कोणी बर्लिनमध्ये, तर कोणी कॅलिफोर्नियात असतो. पुष्कळांना या कामाचा पगारही नसतो. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्यांचे बोलणे.

हे बोलणे एकेकट्याशी करायचे ठरवले तर काय होईल? १० माणसांच्या ४५ जोड्या होतात, आणि १०० माणसांच्या ४,९५०! (सूत्र तुम्हाला ठाऊकच आहे : माणसे न असतील, तर जोड्या न(न−१)/२.) म्हणून सर्वांनी एका जागी जमून बोलावे हे सोयीचे. गावात चावडी असते, तशी ही संगणकावरची चावडी.

पहिली चावडी : आयआरसी

१९८८ च्या ऑगस्ट महिन्यात फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’ म्हणजे आयआरसी ही पद्धत तयार केली. तिची रचना साधी आहे. अनेक सर्व्हर एकमेकांना झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले असतात. तुम्ही एक ओळ लिहून पाठवली की ती फांदी-फांदीवरून त्या कक्षातील सर्वांपर्यंत पोहोचते. नियम असा की, एक संदेश सर्व खुणांसह ५१२ बाइटांहून मोठा असता कामा नये.

इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट झाले. ओळीच्या शेवटच्या खुणेचे २ बाइट वगळले तर उरतात ५१०. त्यांत देवनागरीची फार तर १७० चिन्हे मावतील. कक्षाचे नाव वगैरेंना लागणारी जागा वजा केली की त्याहूनही कमी. तुमचे लांब मराठी वाक्य आयआरसीवर मध्येच का तुटते, याचे कारण हे आहे.

आयआरसीचा दुसरा गुण, किंवा दोष, असा की मूळ पद्धतीत बोललेले कोठेही साठत नाही. तुम्ही चावडीवर हजर असाल तर ऐकाल. घरी गेलात तर त्या वेळचे बोलणे तुमच्यापुरते हवेत विरले. ज्याला नोंद हवी असेल त्याने ती स्वतः ठेवायची. पण एक मोठा लाभ आहे. आयआरसी हे कोणा एका कंपनीचे उत्पादन नसून तो एक प्रोटोकॉल आहे, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे जाहीर नियम आहेत. ते पाळून कोणीही सर्व्हर चालवू शकतो आणि कोणीही त्याला जोडणारा प्रोग्रॅम लिहू शकतो.

२०२१ चा मे महिना

या लाभाची किंमत कळली ती २०२१ साली. फ्रीनोड हे आयआरसीचे जाळे मुक्त स्रोत गटांचे मोठे माहेरघर होते. ते चालवण्याचे काम स्वयंसेवक करीत. मे महिन्यात या जाळ्याच्या मालकीवरून तंटा पेटला, कित्येक स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि १९ मे रोजी ‘लिबेरा चॅट’ हे नवे जाळे सुरू केले. आठवडाभरात फ्रीनोडच्या नव्या चालकांनी असे शेकडो कक्ष ताब्यात घेतले, ज्यांच्या पाटीवर लिबेराचा उल्लेख होता. जूनमध्ये तर नोंदवलेली नावे आणि कक्ष यांची जुनी नोंदवहीच बाजूला सारून फ्रीनोडने कोऱ्या पानापासून आरंभ केला.

उबुंटू, विकिमीडिया यांसारखे गट थोड्याच दिवसांत लिबेरावर गेले. हे शक्य कसे झाले? प्रोटोकॉल तोच होता, म्हणून हातातले प्रोग्रॅम तेच राहिले. बदलायचा होता तो फक्त सर्व्हरचा पत्ता. नावे आणि कक्ष यांची नोंदणी मात्र पुन्हा करावी लागली, कारण ती वही जुन्या चावडीवरच राहिली होती.

यावरून दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. पहिली, बोलण्याचे नियम. हे खुले असतील तर गटाला जागा बदलता येते. दुसरी, नावे आणि बोलणे यांचे दप्तर. ते ज्याच्या कपाटात असेल, त्याच्या मर्जीवर तुम्ही अवलंबून राहता.

सोय आणि तिची अट

आयआरसी नवख्या माणसाला अवघड वाटे. ही अडचण ओळखून २०१४ च्या फेब्रुवारीत ‘स्लॅक’ ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. चित्रे, फायली, जुन्या बोलण्यात शोध घेण्याची सोय, फोनवर सूचना असे सारे तेथे एकत्र मिळाले. कंपन्यांसाठी केलेली ही सेवा मोफत खात्यामुळे मुक्त स्रोत गटांनीही उचलली. पुढे २०१५ च्या मे महिन्यात ‘डिस्कॉर्ड’ आले. ते मुळात खेळणाऱ्यांसाठी होते. तेथे आवाजाने बोलता येते आणि प्रवेश अगदी सोपा, त्यामुळे त्यावरही पुष्कळ गट जमले.

या दोन्ही सेवांचे सर्व्हर त्या-त्या कंपनीच्या ताब्यात आहेत. हे गैर नव्हे. सर्व्हर चालवायला खर्च येतो आणि कंपनीने तो कोठून तरी काढायलाच हवा. परंतु त्यामुळे नियम बदलण्याचा अधिकारही तिच्याचकडे राहतो. स्लॅकचेच पाहा. प्रारंभी आयआरसीच्या प्रोग्रॅममधूनही स्लॅकमध्ये शिरता येई. ती वाट २०१८ च्या मेमध्ये बंद झाली. मोफत खात्यात शेवटचे १०,००० संदेश दिसत. २०२२ च्या सप्टेंबरपासून त्याऐवजी शेवटच्या ९० दिवसांचेच दिसू लागले. २०२४ च्या ऑगस्टपासून मोफत खात्यांतील एक वर्षाहून जुना मजकूर काढून टाकण्यास सुरुवात झाली.

२०२५ साली ‘हॅक क्लब’ या संस्थेवर असाच प्रसंग आला. तुमच्याच वयाच्या, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींची ही अमेरिकेतील ना-नफा संस्था. स्लॅकवर त्यांचे सुमारे ११ वर्षांचे बोलणे साठलेले होते. सप्टेंबरमध्ये संस्थेच्या बाजूने असे जाहीर करण्यात आले की, आठवड्याभरात ५०,००० डॉलर आणि पुढे वर्षाला २,००,००० डॉलर भरा, अशी मागणी त्यांच्याकडे आली आहे. मुलांनी दुसऱ्या, स्वतः चालवता येणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जाण्याची तयारी आरंभली. गोष्टीचा बभ्रा झाल्यावर कंपनीने माघार घेतली. शेवट गोड झाला, हे खरे. पण प्रत्येक गटाच्या हाकेला एवढी प्रसिद्धी मिळेलच असे नाही.

डिस्कॉर्डच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. तेथील बोलणे सर्वसाधारण शोधयंत्रांना दिसत नाही. समजा, एखाद्या मुलाला फोंट बसवताना एक अडचण आली आणि तिचे उत्तर तेथे कोणी नीट समजावून दिले. पुढच्या वर्षी सांगलीतल्या दुसऱ्या मुलीला तीच अडचण आली, तर शोधयंत्रात तिला ते उत्तर सापडणार नाही. ते कोठल्या कक्षात आहे हे आधी कळले पाहिजे, मग आत जाऊन विचारले पाहिजे. उत्तर देणाऱ्यालाही तेच पुन्हा सांगावे लागते.

मोझिलाने काय केले?

फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला प्रकल्पाने निवड कशी केली, हे अभ्यासण्याजोगे आहे. प्रारंभापासून त्यांचे बोलणे आयआरसीवर चाले. २०१९ साली त्यांनी ते सोडण्याचे ठरवले. कारण असे की, ओळख न पटवता कोणीही आत येऊ शके. त्रास देणाऱ्याला बाहेर काढले तरी तो दुसऱ्या नावाने परत येई. खुले दार चांगले खरे, पण त्यातून शिरणाऱ्या टवाळांमुळे भली माणसे निघून जात असतील, तर ते दार सर्वांसाठी खुले राहिले असे म्हणता येत नाही.

मोझिलाने आधी कसोट्या ठरवल्या. ओळख पटवण्याची सोय हवी. गैरवर्तन रोखण्याची साधने हवीत. अंध आणि अन्य अपंग व्यक्तींना वापरता आले पाहिजे. संस्थेबाहेरच्या माणसालाही सहज येता आले पाहिजे. मग मॅटरमोस्ट, मॅट्रिक्स, रॉकेट.चॅट आणि स्लॅक अशा चार पर्यायांची प्रत्यक्ष वापरून चाचणी घेतली. २०१९ च्या डिसेंबरात मॅट्रिक्सची निवड जाहीर झाली आणि २०२० च्या मार्चमध्ये जुना आयआरसी सर्व्हर बंद करण्यात आला. आधी कसोटी, मग प्रयोग आणि शेवटी निर्णय हा क्रम आपल्या प्रयोगशाळेतलाच आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

एकाच दप्तराच्या अनेक प्रती

मॅट्रिक्स हा २०१४ साली पुढे आलेला खुला प्रोटोकॉल आहे. त्याची कल्पना ईमेलसारखी आहे. तुमचे खाते एका सर्व्हरवर, माझे दुसऱ्यावर. तरी आपण एका कक्षात बोलू शकतो. विशेष असे की, त्या कक्षाच्या दप्तराची प्रत भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरकडे राहते. एक सर्व्हर बंद पडला तरी उरलेल्यांवर कक्ष चालू राहतो.

येथे भौतिकशास्त्रातला एक गमतीदार प्रश्न उभा राहतो. पुणे ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे संदेश पोहोचायला निदान ०.०७ सेकंद लागणार. तेवढ्या अवधीत दोन्हीकडच्या माणसांनी संदेश पाठवले, तर पुण्याच्या सर्व्हरला पुण्याचा संदेश आधीचा वाटेल आणि तिकडच्या सर्व्हरला तिकडचा. खरा आधीचा कोणता? एकच मध्यवर्ती सर्व्हर असेल तर तो पंचासारखा निकाल देतो. मॅट्रिक्समध्ये असा पंच नाही. म्हणून प्रत्येक संदेशासोबत, त्याच्या आधी कोणते संदेश पाहिले होते त्यांच्या खुणा जोडलेल्या असतात. या खुणांवरून सर्व सर्व्हर कक्षाच्या स्थितीविषयी, म्हणजे सभासद कोण आणि अधिकार कोणाला याविषयी, एकच निष्कर्ष काढतात. खुणा मजकुरावरूनच गणिताने काढलेल्या असल्याने जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केला तर तोही उघडकीस येतो.

याचा तोटा? एकच दप्तर अनेक ठिकाणी साठवावे लागते, त्यामुळे सर्व्हरवर भार पडतो. एखादा वाईट मजकूर आपण पुसला तरी दुसऱ्याच्या सर्व्हरवरील प्रत पुसली जाईलच, याची हमी देता येत नाही. शिवाय स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर त्याची निगा राखणारा माणूस हवा.

खुल्या प्रोटोकॉलचा उपयोग ‘गिटर’च्या उदाहरणात दिसला. प्रोग्रॅमरांमध्ये लोकप्रिय असलेली ही चॅट-सेवा २०२० साली दुसऱ्या हाती गेली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत पूर्णपणे मॅट्रिक्सवर हलवण्यात आली. हलवताना जुने बोलणेही सोबत नेण्यात आले. चावडी बदलली, पण दप्तर टिकले.

सकाळचे दोनशे संदेश

किल्ली आणि दप्तर आपल्या हाती आले म्हणजे सारे झाले, असे नाही. पुण्यात रात्रीचे १० वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे ९ वाजून ३० मिनिटे झालेली असतात. तुम्ही झोपलात की तिकडचे काम सुरू होते. सकाळी उठून पाहता तो दोनशे संदेश! त्यांत चार विषय एकमेकांत गुंतलेले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर कोणते, हे शोधण्यातच तास जातो. शाळेनंतर तासभर वेळ देऊ शकणारी मुलगी अशाने कंटाळून सोडून देते.

यावर ‘झुलिप’ या सॉफ्टवेअरने एक उपाय योजला. प्रत्येक संदेश कोणत्या विषयाचा, हे लिहिणाऱ्याने विषयाच्या नावाने सांगायचे. मग एक विषय सलग वाचता येतो आणि नको तो वगळता येतो. २०१२ साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर २०१५ पासून मुक्त स्रोत आहे. रस्ट या संगणकभाषेचे अनेक कार्यगट आणि गणितातील सिद्धता तपासणाऱ्या ‘लीन’चे वापरकर्ते यांच्या चर्चा त्यावर चालतात. येथेही शिस्त लागतेच. दर वेळी विषय लिहिणे नवख्याला जाचक वाटते, आणि चुकीच्या विषयाखाली गेलेले संदेश कोणीतरी हलवावे लागतात.

मग निवडायचे कसे?

सर्वांत चांगली जागा कोणती, या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाच मित्रांनी रविवारच्या सहलीचे ठरवायचे असेल तर हाताशी असलेली कोणतीही सेवा चालेल. ते बोलणे नाहीसे झाले तरी काही बिघडत नाही. पण काम वर्षानुवर्षे चालणार असेल आणि माणसे बदलत राहणार असतील, तर पुढील प्रश्न विचारा :

१. उद्या ही जागा सोडावी लागली, तर सारे बोलणे एका फायलीत उतरवून बाहेर काढता येईल का?
२. किल्ल्या किती जणांकडे आहेत? एकजण निघून गेला तर दार उघडणारे कोणी उरेल का?
३. नियम आणि दर बदलण्याचा अधिकार कोणाला आहे?
४. आत येण्यासाठी काय द्यावे लागते? स्वतःचा फोन क्रमांक अनोळखी माणसांना दिसू देणे सर्वांना परवडत नाही.
५. साधा फोन, मंद इंटरनेट आणि मराठी लिपी यांवर ते नीट चालते का? पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने अंध मित्राला ते वापरता येते का?
६. त्रास देणाऱ्याला आवरण्याची साधने कोणती, आणि ती वापरायला माणूस आहे का?
७. आज नसलेल्या माणसाला उद्या येऊन मागची चर्चा समजेल का?

यांतील पहिला प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवला आहे. घर घेताना आपण आत शिरण्याचा विचार करतो. चॅटची जागा घेताना बाहेर पडण्याचा विचार आधी करावा, कारण गट मोठा झाल्यावर तो करायला उशीर झालेला असतो.

करून पाहा

वर्गात सहाजणांचा गट करा. सहल, विज्ञान-प्रदर्शन आणि क्रिकेटचा सामना या तीन विषयांवर प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठ्यांवर पाच-पाच वाक्ये लिहावीत. एकूण ३० चिठ्ठ्या होतील. प्रदर्शनाविषयीचा एखादा निर्णय त्यांत आला पाहिजे. चिठ्ठ्या ज्या क्रमाने लिहिल्या, त्या क्रमाने एकाखाली एक लावा. आता बाहेर थांबलेल्या मित्राला आत बोलवा, प्रदर्शनाविषयी काय ठरले ते शोधायला सांगा आणि लागलेला वेळ घड्याळावर मोजा. मग प्रत्येक चिठ्ठीवर विषय लिहून, विषयवार लावून, दुसऱ्या मित्राकडून तेच करवून घ्या. दोन्ही वेळा लिहून ठेवा. दोन निराळे विद्यार्थी घेतल्याने मापनात कोणती चूक संभवते, आणि ती टाळण्यासाठी प्रयोग कसा बदलावा, याचाही विचार करा.

दुसरा प्रयोग घरचा. तुम्ही ज्या चॅट-गटात आहात त्यातील महिनाभराचे बोलणे बाहेर काढून एका फायलीत साठवता येते का, ते पालकांच्या किंवा शिक्षकांच्या मदतीने पाहा. त्यात इतरांचेही बोलणे असते, म्हणून आधी गटाची संमती घ्या आणि प्रयोग संपल्यावर फायल पुसून टाका.

आमच्या भाषांतर-गटाचे पुढे काय झाले? आता कक्षाच्या किल्ल्या तीन जणांकडे असतात, आणि त्यांतली एक नेहमी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे. शिवाय एखादा शब्द ठरला की तो कारणासह एका साध्या फायलीत लिहायचा आणि ती फायल भाषांतराच्या फायलींसोबतच ठेवायची, असा नियम केला आहे. तिच्यातली पहिली नोंद ‘उन्नतांश’ या शब्दाची आहे. गेल्या जूनमध्ये आलेल्या एका विद्यार्थिनीने ‘उंची का नको?’ असे विचारले. कोणी काही सांगण्यापूर्वी तिलाच ती नोंद सापडली, आणि तिने पुढचा शब्द भाषांतरासाठी घेतला.